लवकर म्हणजे किती

ती टेबलाखाली बसून गुरगुरत होती, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

गुरगुरत होती, कारण त्या घटकेला ती अस्वल होती. पाचवीच्या वर्गात गोष्ट ऐन रंगात आली होती. लाकूडतोड्याची मुलगी गुहेच्या तोंडाशी पोचली होती, अख्खा वर्ग श्वास रोखून बसला होता, आणि आता अस्वल बाहेर येणार एवढ्यात सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. अस्वलानं टेबलाखालून डोकं काढलं. दारात एक उंच, किडकिडीत माणूस. काखेत लाकडी कंपास, हातात डस्टर, आणि चेहरा असा की हा हसतोय का रागावलाय, देवालाच ठाऊक.

"अस्वलाचं आटपलं असेल," तो म्हणाला, "तर गणिताला सुरुवात करू का? घंटा झाली."

"घंटा झाली?" ती केसांवरची खडूची पूड झटकत उठली. "मला ऐकूच नाही आली."

"नाहीच येणार. अस्वलं हिवाळाभर झोपतात."

वर्ग खो-खो हसला. तिला राग यायला हवा होता. पण वर्गाबाहेर पडता पडता तिनं मागे वळून पाहिलं, तर तो फळ्यावर वर्तुळ काढत होता आणि त्याच्या गालाला हलकीशी खळी पडलेली होती… पाठमोरा असताना हसत होता लबाड!

शाळेत ती नवीन, म्हणून सगळे तिला 'नव्या बाई' म्हणत. ती भाषा शिकवायची. त्याचं नाव मुलांनी ठेवलं होतं – 'गजर'. घंटा व्हायच्या आधी हा दारात हजर, आणि घंटा होता होता वर्गाबाहेर. शेवटचा तास संपला की तो फाटकाकडे असा निघायचा की त्याला चालणं म्हणायचं का पळणं, यावर शिक्षकांच्या खोलीत आजवर एकमत झालं नव्हतं. कुणाच्या वाढदिवसाचा चहा नाही, की शाळा सुटल्यावरच्या गप्पा नाहीत.

"घरी बायको फार कडक दिसते," नव्या बाई एकदा चहा ढवळत म्हणाल्या.

"बायको? लग्न कुठं झालंय त्याचं!" शिवणाच्या बाई म्हणाल्या, आणि चष्म्यावरून तिच्याकडे अशा बघत राहिल्या की बिनसाखरेचा चहा पिणारी ती, उगाचच आणखी ढवळत बसली.

सहामाही परीक्षा झाली आणि हसणंखेळणं सगळं एका फटक्यात जमिनीवर आलं. तिच्या विषयाचे पाचवीचे पेपर निम्म्याहून अधिक अर्धवट होते. मुलांना येत नव्हतं असं नाही. जेवढं लिहिलं होतं ते सुरेख होतं. पण कुणी पहिल्याच प्रश्नात रुतून बसलं होतं, कुणी समास आखण्यात रमलं होतं. वर्गात सगळ्यांत लहानखुरी होती ती पिटुकली. 'माझ्या खिडकीतून' या निबंधात तिनं खिडकीचे गज, गजांवरचा गंज, त्या गंजावरची मुंगी, सगळं इतकं छान लिहिलं होतं की वाचताना नव्या बाईंच्या अंगावर काटा आला. पण पेपर तिथंच संपला होता. पुढची सगळी पानं कोरी.

पेपर वाटले त्या दिवशी पिटुकली मधल्या सुट्टीनंतर वर्गात आलीच नाही. शोधाशोध झाली, तेव्हा ती मैदानामागच्या नळापाशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली सापडली.

"बाई, मला सगळं येत होतं हो."

"माहीत आहे गं मला."

"वेळ संपला… आणि मला कळलंच नाही, कधी संपला."

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. परीक्षेचं नाव काढलं की पोर ओकते, म्हणाली. त्याच दुपारी मोठ्या बाईंनी नव्या बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही, पण शब्द नेमके होते. "मुलांना तुम्ही आवडता, ते मला दिसतंय. पण वार्षिकलाही असेच पेपर आले, तर तुम्हाला पुढच्या वर्षी ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

मग तिनं स्वाभिमान गुंडाळून ठेवला आणि गजरला गाठलं. तो शिक्षकांच्या खोलीत एकटाच वह्या तपासत होता.

"सर, माझी मुलं हुशार आहेत."

"आहेत." त्यानं मान वर केली नाही.

"तुमच्या विषयात पेपर पुरे करतात. मग माझ्यात काय घोडं अडतं?"

"तुम्ही त्यांना काय सांगता?"

"काय सांगणार? लवकर लवकर लिहा म्हणते."

आता त्यानं पेन खाली ठेवलं. "लवकर म्हणजे किती?"

"म्हणजे… लवकर!"

"तेच. मोठ्यांना कळतं, त्यांना नाही कळत. अर्धा तास म्हटलं की त्यांच्यापुढं काहीच येत नाही, नुसता शब्द येतो. लांबी माहीत नसलेल्या रस्त्यावर आपण त्यांना पळा म्हणतो. मग काही जण भीतीनं उभेच राहतात." त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "डोळे मिटा. एक मिनिट झालं असं वाटलं, की उघडा."

"हा काय पोरखेळ?"

"पोरांसाठीच आहे. मिटा."

तिनं डोळे मिटले. बाहेर कुणीतरी पाढे म्हणत होतं. नळ ठिबकत होता… "झालं!" तिनं डोळे उघडले.

"निम्मंसुद्धा नाही झालं," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमचं मिनिट फारच लहान आहे हो बाई."

"आणि तुमचं केवढं असतं? बघू तरी!"

त्यानं घड्याळ तिच्याकडे सरकवलं आणि डोळे मिटले. ती घड्याळाकडे बघणार होती. खरंच बघणार होती. पण त्याच्या पापण्या पोरीसारख्या लांब होत्या, हे तिच्या आत्ताच लक्षात आलं. कपाळावर एक बारीक आठी होती. डोळे मिटल्यावर ती हळूहळू विरत गेली, आणि त्या माणसाचा चेहरा इतका दमलेला, इतका एकटा दिसला की…

"झालं?" त्यानं डोळे उघडून विचारलं.

"अं?"

"मिनिट. बरोबर आलं का?"

"मी… मी बघायचं विसरले."

घड्याळ मनगटावर चढवताना त्याला पट्ट्याचं भोक चटकन सापडेना.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी मिळून पाचवीचा वर्ग हाती घेतला. आधी नुसता मिनिटाचा खेळ. डोळे मिटायचे, वाटलं की हात वर. पहिल्या दिवशी हात कसेही वर गेले. एक जण तर झोपूनच गेला. आठवडा-दोन आठवड्यांत हात जवळजवळ एकदम वर जाऊ लागले, आणि मुलं स्वतःवरच खूश झाली. मग फळ्यावर मोठं घड्याळ. काम सुरू करताना जेवढा वेळ आहे तेवढी फोड रंगीत खडूनं भरायची, आणि मधूनमधून एका मुलानं येऊन सरलेला भाग पुसायचा. उरलेला वेळ आता मुलांना डोळ्यांनी दिसायला लागला. काम हातात घेण्याआधी मुलांनाच विचारायचं, 'याला किती लागेल?' आणि झाल्यावर पुन्हा, 'किती लागला?' अंदाज चुकला तर कुणी रागवायचं नाही, सगळ्यांनी मिळून हसायचं.

"आणि ओरडायचं नाही," गजर नव्या बाईंना बजावायचा. "निम्मा वेळ झाला की नुसती टेबलावर टिचकी. ओरडलं की मुलं घाबरतात, आणि घाबरलेला माणूस घड्याळ विसरतो."

"तुम्ही कधी घाबरला होता वाटतं?"

"मी रोज घाबरतो," तो म्हणाला. तिला ती थट्टाच वाटली.

पिटुकलीचं दुखणं निराळं होतं. तिला घड्याळ कळलं, फोड कळली, पण सुरू केलेलं उत्तर अर्ध्यावर सोडवेना. "सोडायचं नाही गं," गजर तिच्या बाकाशेजारी उकिडवा बसून सांगायचा, "जागा राखायची. चार ओळी कोऱ्या ठेव आणि पुढच्या प्रश्नाला जा. वेळ उरला की परत ये." ती मान हलवायची आणि पुन्हा तिथंच रुतायची. एक दिवस मात्र तिनं खरंच ओळी कोऱ्या सोडल्या, ओठ घट्ट दाबून पान उलटलं, आणि पेपर पुरा झाल्यावर परत येऊन त्या भरल्या. त्या दिवशी गणिताच्या मास्तरानं भाषेच्या बाईंकडे भर वर्गात असं काही हसून पाहिलं की मागच्या बाकांवर कोपराला कोपर लागलं.

नव्या बाई स्वतःही सुधारल्या. घंटा होताच वर्ग सोडू लागल्या, सकाळी वेळेवर घरातून निघू लागल्या. "आज सूर्य कुठून उगवला?" आई डबा भरता भरता विचारायची. "शाळा तीच ना? का वाटेत कुणी भेटतं?"

"आई! काहीतरीच तुझं."

"मी आपलं विचारलं. लाजायला कुणी सांगितलं?"

मग एक दिवस गजर शाळेत आला नाही. असं कधीच घडलं नव्हतं. मोठ्या बाईंना गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर त्याची सही हवी होती. "मी नेऊन देते," नव्या बाई म्हणाल्या. जरा लवकरच म्हणाल्या, आणि शिवणाच्या बाई शिवणात डोकं घालून हसल्या.

जिन्यावरून वर गेल्यावर दार उघडंच दिसलं. खिडकीपाशी खुर्चीत पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. तिच्या कपाळाला पट्टी होती. सकाळी न्हाणीघरात पाय घसरला होता. गजर तिच्या पायाशी बसून तिला वाटीतलं काही भरवत होता.

"ही माझी ताई," तो उठत म्हणाला. तो संकोचला होता. "हिनंच मला वाढवलं. आई-वडील गेले तेव्हा मी अगदी लहान होतो. शाळांचे गणवेश शिवायची ही, दिवसरात्र."

ताईंनी नव्या बाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांच्या नजरेत कसलीतरी काळजी होती. "हा अजून आला नाही का गं शाळेतून?"

"कोण, ताई?"

"माझा भाऊ. एव्हाना यायला हवा होता."

भाऊ समोरच उभा होता, हातात वाटी घेऊन. नव्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज अगदी शांत होता. "येईल आता. रस्त्यातच असेल."

"नक्की ना?"

"नक्की. घंटा झाली की थेट घरीच येतो तो. कुठं थांबत नाही."

हे असं होतं तर. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी होत्या, पण संध्याकाळी त्यांना आपल्या घरी जावं लागे. उन्हं कलली की ताई दाराशी येरझाऱ्या घालायला लागत. त्यांना धाकटा भाऊ सापडत नसे. आणि तोच भाऊ, आता मोठा झालेला, धापा टाकत जिना चढून यायचा, ते त्यांना रोज सांगायला – की तो येतोय.

"तू कोण?" ताईंनी तिला जवळ बसवून विचारलं.

"मी शाळेतली. तुमच्या भावाच्या."

"अभ्यास करतो ना?"

"करतो. पण फार घाई असते त्याला नेहमी."

"घाई नाही गं ती." ताईंनी मान हलवली. त्या क्षणी त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. "मी वाट बघत असेन, म्हणून जीव टांगणीला लागतो त्याचा."

खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाचे खांदे किंचित हलले. नव्या बाईंनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर नव्या बाई सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. ताईंना गोष्टी सांगायच्या, त्यांची वेणी घालायची. शाळा सुटली की नाक्यापर्यंत गजरच्या बरोबरीनं चालायच्या – म्हणजे जवळजवळ धावायच्याच.

"तुमच्याबरोबर प्रेमाचं काही बोलायचं तर आधी व्यायामशाळेत जायला हवं," एकदा ती धापा टाकत म्हणाली.

"प्रेमाचं?" तो थबकला.

"म्हणजे… मायेचं. आपुलकीचं. चला, उशीर होतोय!"

वार्षिक परीक्षेच्या थोडं आधी, एका संध्याकाळी ध्यानीमनी नसताना आभाळ फाटलं. दोघं धावत एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली शिरले. पाऊस असा की समोरचा रस्ता दिसेना. पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "भिजाल, पण जा. ताई दाराशी आल्या असतील."

"हो." तो हलला नाही. तिच्या कानशिलावर एक ओली बट चिकटली होती. त्याचा हात थोडा वर आला आणि तसाच खाली गेला. "बाई, मला तुम्हाला कधीपासून… नको, काही नाही."

"मग मी बोलते. तुम्ही मला आवडता."

पाऊस पडत होता.

"फार आवडता," ती म्हणाली. "झालं. आता जा."

"माझ्याकडे द्यायला काही नाही," तो हळूच म्हणाला. "जेवढा वेळ होता, तो सगळा वाटून झालाय."

"मी मागायला कुठं आलेय सर? मी आणून देतेय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. कुणी असंही काही आणून देऊ शकतं हे त्याला ठाऊकच नव्हतं जणू. मग तो पावसात उतरला, चार पावलं गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शाळा सुटल्यावर मागे वळून थांबला. भिजत, हसत. क्षणभरच. मग धावत सुटला.

ती घरी आली ती चिंब होऊन, गुणगुणत. आईनं टॉवेल पुढं केला आणि चहाचं आधण ठेवलं.

वार्षिक परीक्षेत भाषेच्या पेपरला पाचवीच्या वर्गावर दोघंही होते. फळ्यावर रंगीत फोड होती. मुलं लिहीत होती – न घाबरता, मधूनच मान वर करून फळा बघत, पुन्हा लिहीत. नव्या बाईंनी निम्म्या वेळाची टिचकी वाजवली. पिटुकलीनं चार ओळी कोऱ्या सोडून पान उलटलं. नव्या बाईंना वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

ताई होत्या. केस सुटलेले, पाय अनवाणी, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. मावशींचा जरा डोळा लागला असेल आणि त्या निघाल्या असतील. कुठून कुठं चालत आल्या, कुणाला कळलं नाही. त्या बाकांच्या रांगांतून एकेका मुलाचा चेहरा बघत सावकाश पुढं यायला लागल्या.

"माझा भाऊ याच वर्गात आहे," त्या म्हणाल्या. "न्यायला आलेय त्याला. कुठं बसवलाय?"

पेनं थांबली. एक जण फिसकन हसला आणि लगेच ओशाळला. गजर फळ्यापाशी खिळून उभा होता. "ताई…" तो म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि परक्या माणसाकडे बघावं तसं बघून पुढं गेल्या.

नव्या बाई भानावर आल्या. "मुलांनो, तुमचा वेळ तुमच्याजवळ आहे. लिहा." आणि मुलांनी खरंच माना खाली घातल्या. मग त्यांनी आपली खुर्ची पुढं सरकवली, ताईंना बसवलं. गजर पाण्याचा तांब्या आणि रुमाल घेऊन आला, भर वर्गात गुडघ्यांवर बसला आणि बहिणीचा पाय धुवायला लागला.

"पेपर चाललाय त्याचा," तो खाली मान घालून म्हणाला. "झाला की नेऊ या घरी."

"येतंय ना त्याला?"

"येतंय. सगळं येतंय त्याला."

वर्गात फक्त पेनांचा आवाज होता. फळ्यावरची फोड पुसायला त्या दिवशी कुणी उठलं नाही. घंटा झाली तेव्हा पेपर पुरे झाले होते, अगदी पिटुकलीचासुद्धा. जाताना ती ताईंपाशी थांबली आणि वाकून आपल्या चपला त्यांच्या पायांपाशी काढून ठेवून अनवाणीच पळाली. त्यांच्या पायांना त्या अर्ध्याच आल्या असत्या.

निकाल लागला. मोठ्या बाईंनी नव्या बाईंची पाठ थोपटली, नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. आणि मग, कागद आवरता आवरता, "एक वाईट झालं बघा. गणिताचे सर सोडून चाललेत," असंही सांगितलं.

तो रिकाम्या वर्गात कपाट आवरत होता. ती दारात उभी राहिली.

"मला मोठ्या बाईंकडून कळावं?"

"सांगणार होतो. धीर होत नव्हता." लाकडी कंपास त्यानं कपाटात ठेवला. "ताईला आता एकटं ठेवता येणार नाही. डोंगराकडच्या गावी आमची आत्या असते. अंगण आहे, कुंपण आहे, घरात माणसं आहेत. तिथल्या शाळेत जागा मिळाली."

"बरं. मी येते."

"कुठं?"

"तुम्ही जाल तिथं. मुलं काय तिथंही पेपर अर्धे सोडतच असतील."

तो हसला नाही. बाकावर बसला. "ताईला एक माणूस आवडायचा. शिवणाचं मशीन दुरुस्त करायला यायचा. मशीन बिघडलेलं नसायचंच. मी पाचवीत होतो. ताई त्याला म्हणाली, भावाचं शिक्षण होऊ दे, थांब. तो थांबला. मग म्हणाली, नोकरी लागू दे. कितीतरी वर्षं थांबला तो… आणि मग नाही थांबला. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी घरी आलो, तर ताई बंद मशीनपुढं बसली होती. म्हणाली, झालं बघ सगळं. ती ते विसरली. मी नाही विसरलो."

"मी ताई नाही. आणि तो माणूसही नाही."

"म्हणूनच. मी तुला थांब म्हणणार नाही. चलही म्हणणार नाही. माझ्यापायी एका बाईचं आयुष्य सरलं, दुसरीचं नाही सरू देणार."

"आज पहिल्यांदा 'तू' म्हणालात," ती म्हणाली, "आणि ते नाही म्हणायला. माझ्या आयुष्याचं तुम्ही कोण ठरवणार? उपकार करताय माझ्यावर? घाबरलायत तुम्ही!"

"हो," तो म्हणाला. "घाबरलोय."

यावर भांडायचं तरी कसं? ती पाय आपटत निघून गेली. घरी उशीत तोंड खुपसून रडली. आई बराच वेळ केसांवरून हात फिरवत राहिली. "तुला जायचं असतं तर मी अडवलं नसतं," ती शेवटी म्हणाली. "पण ज्यानं आतून कडी घातली, त्याच्या उंबऱ्यावर बसून राहू नकोस, बाळा. निरोप मात्र देऊन ये. भांडून तोडलेलं फार दिवस खुपतं."

म्हणून ती बसस्थानकावर गेली. मोटार लागलेली होती. त्यानं बोचकी टपावर चढवली होती आणि ताई खिडकीशी बसल्या होत्या. तिला पाहून तो खाली उतरला.

"तू आली नसतीस तर सोपं झालं असतं," तो म्हणाला.

"आणि आले ते?"

"ते… बरं झालं." त्याचे डोळे भरले होते. "मला तू आवडतेस. त्या अस्वलापासून. हे एवढं तरी तोंडानं सांगायला हवं होतं मी, आधीच."

"आत्ता सांगितलंत ना," ती म्हणाली.

चालकानं गाडी सुरू केली. गजर वर चढला. ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि नव्या बाईंनी तो धरला. सुरकुतलेला, सुईनं टोचून टोचून बोटं राठ झालेला.

"तू नाही येत?" ताईंनी विचारलं.

"नाही, ताई."

"मग याच्याकडे कोण बघणार?" त्या म्हणाल्या, आणि हात सोडेनात. लहान मूल धरतं तसा गच्च धरून बसल्या. वाहकानं घंटी वाजवली. मागून कुणीतरी 'चला हो' म्हणून ओरडलं. गजर खिडकीशी वाकला, ताईंची बोटं एकेक करून सोडवायला लागला – हलकेच, दुखू नये म्हणून. ताईंचा हात सुटला. मग त्या खिडकीत फक्त त्याचा हात राहिला, तिच्या हातावर. त्यांनी एकमेकांना असा स्पर्श केला तो तेवढाच. गाडी हलली, ती दोन पावलं बरोबरीनं चालली, आणि मग हात सुटले.

धूळ खाली बसली तरी ती तिथंच उभी होती. स्थानकाच्या झाडूवाल्या आजोबांनी जवळ येऊन विचारलं, "पोरी, तुझी गाडी कुठली? चुकली का?"

"नाही हो, आजोबा," ती डोळे पुसत म्हणाली. "मला कुठंच जायचं नव्हतं."